एकाच पोथीच्या प्रती

दर जानेवारीत मी वर्गाला एक उदाहरण घालतो. दिसायला ते अगदी साधे आहे. कोणी एका पतपेढीत आवर्ती ठेव उघडली. हप्ता दर महिन्याला भरावयाचा, ज्या तारखेला ठेव उघडली त्याच तारखेला. आणि एखाद्या महिन्यात ती तारीखच नसेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. ठेव उघडल्याची तारीख घेऊन वर्षभराच्या हप्त्यांच्या तारखा छापणारा प्रोग्राम लिहा, एवढेच काम. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेल्या कोणाही माणसाला ते पाच मिनिटांत हाताने करता येईल. माझे विद्यार्थी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असतात. त्यांना मी आठवडा देतो.

मेख आहे ती ३१ जानेवारीत. त्या दिवशी ठेव उघडली की पुढचा हप्ता २८ फेब्रुवारीला येतो, कारण फेब्रुवारीला ३१ तारीख नाही. त्याच्या पुढचा मात्र ३१ मार्चला यावयास हवा. पण काही प्रोग्राम २८ मार्च छापतात, मग २८ एप्रिल, २८ मे, आणि तसेच अठ्ठावीसचे बोट धरून डिसेंबर गाठतात. याचे कारण असे की हा प्रोग्राम प्रत्येक हप्त्याची तारीख आधीच्या हप्त्यावरून काढतो. फेब्रुवारीत एकतीसचे अठ्ठावीस झाले, मार्चने फेब्रुवारीला विचारले, एप्रिलने मार्चला. ठेव उघडली होती त्या मूळ तारखेकडे परत जाऊन कोणी पाहिलेच नाही.

२०१३ साली वर्गातल्या तीन जणांच्या प्रोग्रामांनी मला २८ मार्च ही तारीख दिली. त्यांतले दोघे वसतिगृहात एकाच खोलीत राहणारे. बोलावल्याबरोबर दोघांनी कबूल केले की एकाने लिहिले आणि दुसऱ्याने नावे बदलून घेतले. तिसरी एक मुलगी होती. पहिल्या बाकावर बसणारी, तास संपला तरी शंका संपत नाहीत अशी. ती म्हणाली, "सर, मी नक्कल केलेली नाही."

"मग हा २८ मार्च आला कुठून?" मी विचारले.

"तेच मला कळत नाहीये, सर."

मी तिघांनाही शून्य दिले. नियम तसा होता आणि माझी खात्री त्याहून पक्की होती.

ही खात्री कशाच्या जोरावर होती तेही सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय माझ्या चुकीचे माप वाचकांच्या ध्यानात येणार नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा माझा शिकवण्याचा विषय. हे नाव रूढ झाले ते ऑक्टोबर १९६८ मध्ये बव्हेरियातील गार्मिश या डोंगराळ गावी नाटोच्या विज्ञान समितीने भरवलेल्या परिषदेपासून. आणि ते मुद्दाम जरा टोचावे म्हणूनच निवडले होते. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरच्या मागे जसे शास्त्र आणि शिस्त उभी असते तशी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मागे का नसावी, हा त्यातला टोमणा. संशोधनासाठी मी या विषयाचा एक कोपरा धरला आहे, तो म्हणजे नकला. कचेऱ्यांमधून चालणारे मोठमोठे प्रोग्राम कोणी पहिल्या ओळीपासून नव्याने लिहीत नाही. जुन्यातला एखादा परिच्छेद उचलायचा, नावे बदलायची, नव्या जागी चिकटवायचा. पुढे त्या परिच्छेदात चूक निघते, एका जागी दुरुस्त होते, आणि उरलेल्या जागी तशीच नांदते. या जागा हुडकून काढण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. प्रोग्राममधली सगळी नावे पुसून त्यांच्या जागी एकच खूण ठेवायची, मोकळ्या जागा आणि शेरे टाकून द्यायचे, आणि मग उरलेल्या खुणांच्या साखळ्या कुठे कुठे जुळतात ते पाहायचे. बेल प्रयोगशाळेत ब्रेंडा बेकर यांनी १९९० नंतरच्या दशकात या वाटेने काम केले. २००२ साली जपानमध्ये ओसाका येथील संशोधकांनी सीसीफाइंडर नावाचे साधन याच तत्त्वावर मांडले. मास्तरांसाठी तर १९९४ मध्ये ॲलेक्स एकन या प्राध्यापकांनी मॉस नावाची सोयच करून ठेवली, तिच्यात वर्गाचे सगळे प्रोग्राम घातले की कोणाचे कोणाशी किती जुळते ते ती सांगते. सारांश, चोर ओळखण्याची विद्या मला येत होती, आणि अशी विद्या येणाऱ्याच्या अंगी जो ताठा असतो तोही होता.

खरे पाहता त्या मुलीच्या प्रोग्रामची साखळी दोघा मुलांच्या साखळीशी जुळत नव्हती. माझ्या साधनाने तिला निर्दोष सोडले होते. जुळत होती ती फक्त चूक. मी मनाशी म्हटले, मुलगी हुशार आहे, सगळी रचना उलटीपालटी करून घेतली असणार. माझ्या यंत्राने दिलेला निकाल मीच फिरवला.

आमचे आजोबा असते तर त्यांनी मला तिथेच थांबवले असते. ते बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरात पाठ जुळवण्याच्या कामावर होते. या संस्थेने वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली; तिच्यासाठी देशाच्या निरनिराळ्या भागांतल्या, निरनिराळ्या लिप्यांतल्या पोथ्या एकमेकींशी अक्षरशः अक्षर लावून ताडून पाहाव्या लागल्या. निवृत्तीनंतरही आजोबांजवळ त्या कामाचे काही वाया गेलेले कागद होते. लांबरुंद, चौकटी आखलेले. वर एका पोथीतला श्लोक, एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ. जिथे अक्षर वेगळे तिथेच लिहायचे, जिथे सारखे तिथे चौकट कोरी. मी शाळेत असताना पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गणिते करी. पुढे १९७० नंतरच्या काळात बेल प्रयोगशाळेत दोन मजकुरांतला फरक काढून दाखवणारा डिफ नावाचा प्रोग्राम तयार झाला, तो मी पहिल्यांदा चालवून पाहिला तेव्हा मला त्या कोऱ्या चौकटीच आठवल्या. डिफदेखील सारखे असेल त्याविषयी गप्प बसतो.

आजोबांनी एकदा सांगितले होते की पोथ्यांचे कुळ चुकांवरून ओळखतात. शुद्ध पाठ दहा पोथ्यांत सारखा असला तर त्यात नवल नाही, कारण शुद्ध एकच असते. पण तीच विचित्र चूक दोन पोथ्यांत सापडली, तर एक दुसरीवरून उतरली असावी किंवा दोघी तिसरीवरून. मला हे इतके पटले की माझ्या पुढच्या सगळ्या संशोधनाचे बीज मी त्यातच मानत आलो. मात्र त्यांच्या बोलण्याचा दुसरा अर्धा भाग मी सोयीस्कर विसरलो होतो. ते म्हणाले होते, "पण अरे, आधी चूक किती सोपी आहे ते बघायचं. दोन ओळी एकाच शब्दाने संपत असल्या ना, की लहियाची नजर पहिल्यावरून दुसरीवर उडी मारते आणि मधली ओळ गळते. काशीतला लहिया गाळील, तंजावरचाही गाळील. त्यावरून त्यांची सोयरीक जुळवायची नाही."

३१ जानेवारीचा अठ्ठावीस हा असाच उडीचा खड्डा होता. पण २०१३ साली मला तो दिसला नाही. त्याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की त्याच सत्रात, शून्य दिल्यावर तीन आठवड्यांनी, मी त्याच वर्गाला जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांचा प्रयोग शिकवला.

तो प्रयोग माझ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा. लॉस एंजेलिसचे प्राध्यापक अल्गिर्दास अविझिएनिस यांनी १९७० नंतरच्या दशकात एक विचार मांडला होता. एकाच कामासाठी निरनिराळ्या माणसांकडून, एकमेकांशी बोलू न देता, निरनिराळे प्रोग्राम लिहून घ्यावे, सगळे एकदम चालवावे आणि बहुमताने उत्तर ठरवावे. एक चुकला तरी दुसरे सावरतील. पंच परमेश्वराचीच ही कल्पना. नाइट आणि लेव्हसन यांनी तिच्या मुळाशी असलेले गृहीतक तपासायचे ठरवले: वेगवेगळ्या माणसांच्या चुका खरोखरच एकमेकींपासून स्वतंत्र असतात काय? व्हर्जिनिया विद्यापीठातील नऊ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील अठरा अशा सत्तावीस विद्यार्थ्यांकडून त्यांनी एकाच कामाचे सत्तावीस प्रोग्राम लिहवून घेतले. दोन्ही ठिकाणांमध्ये अख्खी अमेरिका आडवी पडलेली. मग प्रत्येक प्रोग्राम दहा लाख उदाहरणांवर चालवला. प्रोग्राम सुमार होते असे मुळीच नाही. सहा तर एकदाही चुकले नाहीत आणि बाकीचे सगळे शंभरांत नव्व्याण्णवांहून अधिक वेळा बरोबर आले. परंतु जे चुकले, ते स्वतंत्रपणे चुकणाऱ्यांनी जितक्या वेळा एकत्र चुकावे त्याहून कितीतरी अधिक वेळा एकत्र चुकले. १९८६ साली हा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्यावर बरेच वादळ उठले. गणितातली एखादी जागाच अशी असते की तिथे पुष्कळांचा पाय एकाच बाजूला घसरतो. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे तीच चूक करतात.

हे सगळे मी फळ्यावर आकृती काढून रंगवून सांगितले. पहिल्या बाकावर ती बसली होती. त्या शून्यानंतर तिने मला एकही शंका विचारली नव्हती. त्या दिवशीही विचारली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटले, प्रयोगाने प्रभावित झाली आहे.

नकलेच्या चुका खऱ्याही असतात, नाही असे नाही. आणि त्या जिवावर बेततात. म्हणूनच मी या विषयात पडलो. १९८५ च्या जूनपासून १९८७ च्या जानेवारीपर्यंत अमेरिका आणि कॅनडा येथे थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्राने सहा रुग्णांना भयंकर प्रमाणात किरणांचा मारा दिला. त्यातल्या काहींचा मृत्यू झाला. हे यंत्र कॅनडा सरकारच्या मालकीच्या ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा या कंपनीचे. चालवणारी व्यक्ती सराईत झाली, पडद्यावर भरलेली माहिती चटकन मागे जाऊन दुरुस्त करू लागली, की काही ठराविक सेकंदांच्या आत यंत्राची आणि पडद्याची फारकत होई: पडदा एक सांगे आणि यंत्र दुसरेच करी. त्या प्रोग्रामचे काही भाग आधीच्या यंत्रांवरून घेतलेले होते. लेव्हसन याच बाईंनी क्लार्क टर्नर यांच्यासह १९९३ मध्ये या प्रकरणाचा सविस्तर वृत्तांत लिहिला, त्यात शिकागोची एक हकीकत आहे. तिथे आधीचे यंत्र, म्हणजे थेरॅक-२०, होते. नव्या विद्यार्थ्यांची तुकडी त्यावर शिकू लागली की आठवड्यातून तीन तीनदा फ्यूज उडत, आणि मुलांचा हात बसला की महिनोन्महिने काही होत नसे. तिथल्या पदार्थवैज्ञानिकाने थेरॅक-२५ ची बातमी ऐकल्यावर शोध घेतला, तेव्हा कळले की तीच चूक जुन्या यंत्रातही होती. फक्त जुन्या यंत्राला प्रोग्रामवर न विसंबणारे विजेचे अडसर होते. चूक झाली की फ्यूज उडे आणि माणूस वाचे. नव्या यंत्रात प्रोग्रामचा भाग उतरवून घेतला, आणि ते अडसर काढून टाकले.

दुसरी गोष्ट ४ जून १९९६ ची, फ्रेंच गियानातल्या कुरू येथली. एरियान-५ हे युरोपचे नवे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत वाट सोडून फुटले आणि त्याबरोबर चार उपग्रह गेले. गणितज्ञ झाक-लुई लिओं यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने कारण शोधले ते इतके बारीक की हसावे की रडावे कळत नाही. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेचा प्रोग्राम एरियान-४ वरून जसाच्या तसा आणला होता. त्यातली एक आकडेमोड नव्या बाणाला उड्डाणानंतर लागतच नव्हती, पण जुन्यावर बिनबोभाट चालत होती म्हणून ठेवली. नवा बाण आडव्या दिशेने जुन्याहून फार वेगाने जाई. त्यामुळे एक संख्या इतकी वाढली की ती ठेवायच्या सोळा बिटांच्या खणात मावेना. या खणात ३२,७६७ हून मोठा अंक बसत नाही. यंत्रणा बंद पडली. आता अशा वेळेसाठीच बाणावर दुसरी, राखीव यंत्रणा ठेवलेली असते. पण तिच्यातही तोच प्रोग्राम होता, आणि ती क्षणभर आधीच त्याच कारणाने बंद पडली होती.

हे वाचले तेव्हा मला आजोबांची आणखी एक गोष्ट समजली. एका पोथीवरून उतरलेल्या दोन प्रतींना ते दोन साक्षीदार मानत नसत. एकच साक्षीदार दोनदा बोलला, असे म्हणत आणि कागदावर एकच ओळ आखत. कुरूच्या बाणावर दोन यंत्रे होती खरी. साक्षीदार मात्र एकच.

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी होती, मी घरी होतो, आणि जुन्या वर्षांचे विद्यार्थ्यांचे प्रोग्राम चाळण्याची मला बुद्धी झाली. नावे काढून टाकून मी नुसत्या चुका मांडत गेलो. २८ मार्च ही तारीख बहुतेक दरवर्षी निघाली. कधी दोघांची, कधी चारपाच जणांची. एकमेकांना ओळखण्याचा संभव नसलेल्या, सहा सहा वर्षांच्या अंतराने शिकलेल्या मुलांची. रचना सगळ्यांच्या निराळ्या, वळणे निराळी, आणि फेब्रुवारीपाशी पाय घसरण्याची जागा एकच. मी उठून पाणी प्यालो. मग २०१३ ची यादी काढली.

तिचा पत्ता मिळवायला फारसा त्रास पडला नाही. ती पुण्याला एका कंपनीत होती. मी तिला पत्र लिहिले. म्हणजे ई-मेलच, पण तीनदा कागदावर खरडून मग टाइप केलेले. सात वर्षांनी मास्तराने शिष्येची क्षमा मागायची तर भाषा सापडत नाही, हा अनुभव मला नवा होता. पहिल्या मसुद्यात मी नाइट आणि लेव्हसन यांचा दाखला दिला होता. तो बायकोने खोडायला लावला. म्हणाली, "माफी मागताय की तास घेताय?"

उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यातल्या चार ओळी तिच्या परवानगीने देतो. "सर, चूक माझीच होती, ती मी कधी नाकारली नाही. नक्कल माझी नव्हती, एवढंच सांगत होते. त्या सत्तावीस प्रोग्रामांच्या तासाला मला वाटलं होतं की तुम्ही आता माझं नाव घ्याल. नंतर वाटलं, बहुतेक तुमच्या लक्षातच आलं नाहीये." पुढे तिने कामाचे लिहिले होते. तिच्या हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांचा तारखांचा कोणताही प्रोग्राम आला की ती पहिल्यांदा त्यात ३१ जानेवारी घालून पाहते.

तिचे गुण बदलता येतात का याची मी चौकशी केली. येत नाहीत. जाहीर झालेल्या निकालातले अंतर्गत गुण इतक्या वर्षांनी दुरुस्त करण्याची तरतूद नाही, आणि ती का नाही हेही समजण्याजोगे आहे. माझ्या स्वतःच्या वहीत मी त्या शून्यावर काट मारून शेजारी चौदा लिहिले आहेत, विसांपैकी. चुकीचे सहा कापले.

आता नकलेचा प्रश्नच निराळ्या वळणावर आला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि तेव्हापासून माझ्या वर्गात एकमेकांचे उतरवून घेण्याची गरज कोणाला उरली नाही. मुले यंत्राला विचारतात, यंत्र लिहून देते. मी याला बंदी घातली नाही. घातली असती तरी कोण पाळणार, आणि कचेरीत गेल्यावर ती तेच वापरणार आहेत. यंत्र लिहितेही पुष्कळदा चांगले. काळजी मला दुसरीच आहे. पूर्वी चाळीस जणांचे चाळीस प्रोग्राम आले की त्यात निदान काही वेगवेगळे साक्षीदार असत. कोणाचे बरोबर, कोणाचे वाकडे, आणि वाकड्यावरून मला कळे की मी शिकवले कुठे कमी. आता पंचवीस कागद एकाच हातचे वाटतात. ते बरोबर असतील तर प्रश्नच नाही. पण चुकले तर सगळे मिळून चुकतील, आणि वर्गात वेगळे उत्तर घेऊन बसलेला कोणी नसेल. म्हणून मी गुणांची वाटणी बदलली आहे. लिहिण्याला कमी, वाचण्याला जास्त. यंत्राचा असो, सोबत्याचा असो वा स्वतःचा, प्रोग्राम घेऊन यायचे आणि फळ्यापाशी उभे राहून तो ओळ न ओळ समजावून द्यायचा. कोणती ओळ कुठून आली, कशासाठी आहे, काढली तर काय होईल. याला वेळ भयंकर लागतो. चाळीस मुलांना माझे दोन आठवडे जातात, आणि विभागातले सहकारी मला वेड्यात काढतात.

या वर्षीचे कागद आले आहेत. ३१ जानेवारी घालून पाहिले, तर पाच जणांचा २८ मार्च निघाला. साखळ्या लावल्या, कोणाची कोणाशी जुळत नाही. पाचही जणांना उद्यापासून एकेक करून बोलावले आहे. दिनदर्शिका मी फळ्याशेजारी टांगून ठेवली आहे, खडू त्यांच्या हातात देणार आहे, आणि जानेवारीपासून सुरुवात करायला सांगणार आहे.